‘नाही’ म्हणायला जागा ठेवून आमंत्रण कसं द्यावं

‘शनिवारी संध्याकाळी मोकळा आहेस का?’ मित्राला बोलावताना बहुतेक जण इथून सुरुवात करतात, आणि पहिली चूक इथेच होते. समोरचा सहज ‘हो, काही नाहीये’ म्हणतो. मग पुढचं वाक्य येतं: ‘मग ये ना, घरातलं सामान हलवायचंय.’ आता ‘वेळ नाही’ हे कारण त्याच्या हातातून गेलेलं असतं. यायचं नसेल तर ‘वेळ आहे, पण यायचं नाही’ असं तोंडावर सांगावं लागणार, आणि तेवढी जीभ रेटत नाही म्हणून तो येतो. भिडेखातर दोनदा आलेला माणूस तिसऱ्यांदा ‘मोकळा आहेस का’ ऐकलं की आधी ‘कशासाठी?’ विचारतो. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण भीड बाळगणाऱ्याला शहाणं करण्यासाठी आहे. पण मैत्रीत निम्मं काम भीड घालणाऱ्याचं असतं आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

म्हणून पुढच्या सगळ्या सूचनांमागे एकच कसोटी आहे: या आमंत्रणाला ‘नाही’ म्हणायला समोरच्याला किती महाग पडेल? जितकं स्वस्त, तितकं आमंत्रण चांगलं. ‘नाही’ सहज म्हणता येत असेल तरच त्याच्या ‘हो’वर विसंबून तिकिटं काढता येतात.

विचारण्याआधी: हे नक्की काय आहे?

आमंत्रण, मदतीची मागणी आणि तोंडदेखलं बोलावणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. घोळ होतो तो एकीला दुसरीचे कपडे घातल्यामुळे.

सामान हलवायला माणसं हवी असतील तर ‘भेटू या, मजा येईल’ म्हणू नका. ‘रविवारी सकाळी ९ ते १२ सामान हलवायला दोन जण हवेत, तू येऊ शकशील का? जमणार नसेल तर मी हमाल बघतोय’ असं म्हणा. मदत मागण्यात कमीपणा नाही, ती लपवण्यात फसवणूक आहे. ‘सहज भेटू’ म्हणून बोलावून विमा पॉलिसी किंवा सभासद जोडण्याची योजना समोर ठेवणं हा याचाच वाईट प्रकार. त्यानंतर तुमचं खरंखुरं ‘सहज भेटू’सुद्धा कुणी खरं मानत नाही.

तोंडदेखलं बोलावणं टाळता आलं तर टाळाच. ‘ये कधीतरी घरी’ हे वाक्य निरोप घेताना सुटतं आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की हे खरं की रीत. खरंच बोलवायचं असेल तर दोन दिवसांत तारीख घेऊन निरोप पाठवा. नसेल तर ‘भेटून बरं वाटलं’ एवढं पुरे.

आणखी एक वेगळा कप्पा आहे. मैत्रीच्या पलीकडे काही मनात असेल तर ते आमंत्रणात दिसलं पाहिजे. ‘बाकीचेही येणार होते, पण ऐनवेळी गळाले’ अशा वळणाने कुणाला एकटं गाठलं तर ती व्यक्ती ज्या भेटीला हो म्हणाली ती ही नव्हेच. ‘आपण दोघांनीच भेटावं, मित्र म्हणून नाही, जरा वेगळ्या नजरेनं, असं मला वाटतंय. तुला तसं वाटत नसेल तर मैत्री आहे तशीच राहील’ हे म्हणायला धीर लागतो, पण गैरसमज राहत नाही. ‘मैत्री तशीच राहील’ म्हणालात तर ती तशीच ठेवावी लागेल, हे धरूनच म्हणा. एकदा नकार आला की तो प्रश्न तिथे संपतो. महिन्यादोन महिन्यांनी ‘आता काही बदललं का’ म्हणून पुन्हा उकरायचा नाही.

आमंत्रणात काय काय असावं

मोघम आमंत्रण देणाऱ्याला मोकळंढाकळं वाटतं, घेणाऱ्याला मात्र प्रत्येक तपशील खोदून विचारावा लागतो. खर्च किती, कोण कोण आहे, रात्र होईल का, हे विचारणं अवघड असतं, कारण विचारलं की आपण आढेवेढे घेतोय असं दिसतं. म्हणून तपशील न मागता द्यावा.

- काय आणि का: वाढदिवस आहे की नुसत्या गप्पा, हे पहिल्याच वाक्यात.
- सुरुवात आणि शेवट: शेवटची वेळ लोक हमखास विसरतात. ‘७ ला या’ म्हटलं तर निघायचं कधी हा प्रश्न पाहुण्यावर पडतो. ‘७ ते साधारण १०, आधी निघायचं असेल तर खुशाल’ म्हटलं की ज्याला घरी लहान मूल आहे किंवा पहाटे उठायचंय, तोसुद्धा हो म्हणू शकतो.
- कोण कोण असणार: निदान नावं तरी. ज्या दोघांचं बिनसलंय त्यांना एकमेकांची उपस्थिती दारात कळू नये.
- खर्च: माणशी अंदाजे किती आणि कोण देणार. ‘खर्च वाटून’ हे दोन शब्द सहलीत शेवटच्या दिवशी कळले तर मैत्रीत कायमची अढी बसते.
- शरीराला आणि सवयींना लागू पडणारं: किती चालायचंय, किती जिने, घरात कुत्रं-मांजर आहे का, दारू-सिगारेट असेल का, मुक्काम असेल तर झोपायची सोय कशी.
- उत्तर कधीपर्यंत: तुम्हाला जागा किंवा तिकिटं ज्या दिवशी पक्की करायची आहेत त्याच्या एक दिवस आधीची तारीख द्या. ‘लवकर कळव’ याला काही अर्थ नसतो.
- नाही जमलं तर काय: ‘नाही जमलं तरी काही अडत नाही’. पण हे खरं असेल तरच लिहा. चौघांशिवाय खेळच होणार नसेल तर ‘चार जण लागतात, तू नाही म्हणालास तर मी दुसऱ्याला विचारेन’ असं लिहा.

सगळं मिळून निरोप पाच-सहा ओळींचा होतो. उदाहरणार्थ: ‘येत्या शनिवारी माझ्या घरी ५ ते ८ पत्ते खेळायला जमतोय. आपल्या ऑफिसमधले तिघं आणि माझी बहीण. काही आणायचं नाही, खर्च काही नाही. घरात मांजर आहे. येणार असशील तर गुरुवारी रात्रीपर्यंत सांग. नाही जमलं तर नुसतं “नाही” लिही, कारणाची गरज नाही.’

पूर्वसूचना किती? संध्याकाळच्या साध्या भेटीला दोन-तीन दिवस, ठरवून केलेल्या कार्यक्रमाला एक ते दोन आठवडे, मुक्कामाच्या सहलीला महिना ते दोन महिने. ऐनवेळी बोलावणं वाईट नाही, पण ते तसंच सांगावं: ‘आत्ता सुचलं, तुला जमणार नाही असं धरूनच विचारतोय.’ आठवण करायची तर एकदाच, आणि तीही दिलेली मुदत उलटल्यावर.

एका ‘ना’ने पडणारा फरक

‘येशील का?’ हा प्रश्न आहे. ‘येशील ना?’ यात उत्तर आधीच घातलेलं आहे. ‘येतोयस ना?’ मध्ये ते ठरलेलंच आहे आणि ‘यायचंच हं!’ हा हुकूम. चारही वाक्यं प्रेमानेच म्हटलेली असतात, पण नकाराची किंमत प्रत्येक पायरीला वाढत जाते. ज्याच्या मनाचा अंदाज नाही त्याला ‘का’, ज्याने आधीच होकार दिलाय त्याला ‘ना’, एवढं सांभाळलं तरी खूप झालं.

पुढची वाक्यं सरळ काढून टाका: ‘सगळे येतायत, फक्त तूच राहिलास’, ‘तुझ्यासाठीच तर ठेवलंय’, ‘तू नाही आलास तर मीही जाणार नाही’, ‘हल्ली तू बदललास’. शपथ घालणं, रुसणं, समोर तिसऱ्याला उभं करून त्याच्याकरवी गळ घालणं हेही त्याच माळेतलं.

आता एक गंमत. ‘पण तू नाही म्हणायला मोकळा आहेस’ असं म्हटल्यावर लोक जास्त वेळा हो म्हणतात. फ्रान्समध्ये निकोला गेगाँ आणि अलेक्झांद्र पास्कुआल यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनोळखी माणसाकडे बससाठी पैसे मागितले गेले. नुसतं मागितलं तेव्हा १० टक्के लोकांनी दिले. ‘द्यायचे की नाही हे तुमच्यावर आहे’ असं जोडलं तेव्हा ४७.५ टक्क्यांनी. म्हणजे हे वाक्य सभ्य आहे तसंच ते हत्यारही आहे. विक्री करणाऱ्यांना ते ठाऊक असतं. मित्राशी बोलताना त्याचा खरेपणा वाक्यात दिसत नाही, नकार आल्यानंतरच्या तुमच्या वागण्यात दिसतो.

कुठे विचारावं, हेही शब्दांइतकंच महत्त्वाचं. चारचौघांत विचारलं की नकार चारचौघांत द्यावा लागतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर आमंत्रण टाकायला हरकत नाही, पण तिथे एकेकाचं नाव घेऊन ‘तुझं काय?’ विचारू नका. राहिलेल्यांना स्वतंत्र निरोप पाठवा. आणि ज्याला बोलावलेलं नाही तो ज्या ग्रुपवर आहे, तिथे त्या कार्यक्रमाची चर्चा नको. फोन करण्यापेक्षा लेखी निरोप बरा, कारण त्यात विचार करायला वेळ मिळतो. फोन केलाच तर ‘आत्ता उत्तर नको, उद्या मेसेज कर’ म्हणून ठेवून द्या.

उत्तर ऐकायला शिकणं

नकारात ‘नाही’ हा शब्द क्वचितच असतो. संभाषणाचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांना हे बऱ्याच आधीपासून माहीत आहे: नकार जरा थांबून येतो, आधी ‘अं…’, मग कौतुक किंवा दिलगिरी, मग कारण. २००९ साली दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधली सरासरी फट सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास निघाली, आणि होकार नकारापेक्षा लवकर येत होते. त्यामुळे रेंगाळलेली शांतता कानाला खटकते, आणि ती खटकायलाच हवी. सीलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं की असे आडवळणी नकार लोकांना नीट कळतात. ‘मला कळलंच नाही, तू स्पष्ट नाही म्हणाला नाहीस’ ही सबब म्हणूनच फार टिकत नाही.

आपल्या बोलण्यातले नकार ओळखणं अवघड नाही. ‘बघतो’, ‘कळवतो’, ‘जमवायचा प्रयत्न करतो’, ‘बघू या कसं होतंय’ हे शब्द स्वतःहून तारीख किंवा अट न घेता आले तर ते बहुधा ‘नाही’ आहेत. ‘गुरुवारी बॉसला विचारून सांगतो’ हे खरं उत्तर, कारण त्यात दिवस आहे. ‘या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी चालेल का?’ याहून उत्साहाची खूण दुसरी नाही. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही, तर मुदतीपर्यंत काहीच समजू नका. मुदत गेल्यावर ‘नाही’ समजा.

शंका असेल तर एकच प्रश्न, आणि त्यात सुटकेची वाट: ‘मी सध्या “नाही” धरून चालतो, मन बदललं तर सांग.’ एवढं झालं की विषय संपवायचा.

किती वेळा बोलवावं? ओळीने तीन नकार आले आणि एकदाही समोरून पर्याय आला नाही, तर तारखेची आमंत्रणं थांबवावीत, दार उघडं ठेवावं: ‘तुला वाटेल तेव्हा सांग, भेटू.’ हा काही नियम नाही, पण तिसऱ्यानंतर चौथं आमंत्रण समोरच्याला हिशेब मागितल्यासारखं वाटू लागतं. याला मोठा अपवाद आहे. नैराश्यातून जाणारी, आजारी, नुकतंच मूल झालेली किंवा घरातल्या कुणाची सेवा करणारी माणसं सतत नाही म्हणतात, आणि तरीही बोलावणं थांबलं की त्यांना लागतं. इथे अंदाज बांधू नका, विचारा: ‘तुला सध्या जमत नाही हे कळतंय. मी बोलावत राहू की थोडे दिवस थांबू? दोन्ही चालेल.’

नकार आला. आता?

लगेच आणि थोडक्यात उत्तर द्या: ‘बरं, हरकत नाही. पुन्हा भेटू.’ ‘अरेरे’ नको, रडका चेहरा नको, तासाभराची शांतताही नको.

कारण विचारू नका. कारण दिलंच असेल तर ते सोडवायला जाऊ नका, ही चूक सज्जन माणसंच जास्त करतात. ‘गाडी नाहीये’ म्हटलं की ‘मी घ्यायला येतो’. ‘उशीर होईल’ म्हटलं की ‘इथेच झोप’. त्या माणसाने पुढे केलेलं कारण तुम्ही एकेक करून काढून घेता, आणि शेवटी त्याला एकतर यावं लागतं किंवा उघडं पडावं लागतं. अडचण खरी असण्याची शक्यता वाटली तर एकदाच, माहिती म्हणून सांगा: ‘गाडीत एक जागा आहे, उपयोग होणार असेल तर सांग.’ पुढे पाठपुरावा नको.

सवलतीची घासाघीसही नको. ‘बरं, तीन तास नको, अर्धा तास तरी ये’ हे साधं वाटतं, पण आधी मोठं मागून नकार घ्यायचा आणि मग लहान मागायचं हा जुना डाव आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये तो प्रयोगाने तपासला आणि तो चालतो असं दिसलं. तुम्ही डाव म्हणून केलेला नसतो, तरी समोरच्यावर परिणाम तोच होतो.

तुम्हालाच नाही म्हणायचं असेल तर

तीन गोष्टी पुरतात: आभार, स्पष्ट नकार, आणि खरंच इच्छा असेल तर पर्याय. ‘बोलावलंस, बरं वाटलं. या वेळी येणार नाही. पुढच्या आठवड्यात चहाला भेटू का?’ पर्याय मनापासून नसेल तर तिसरं वाक्य गाळा, नाहीतर तुम्हीच तोंडदेखलं आमंत्रण दिलंत असं होतं.

खोटं कारण देऊ नका. नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ते व्यवहारात महाग पडतं: ते लक्षात ठेवावं लागतं, कुणी सोडवलं तर नवं शोधावं लागतं, आणि त्याच संध्याकाळी तुमचा दुसरीकडचा फोटो कुणीतरी टाकतं. ‘मला जमणार नाही’ हे पूर्ण वाक्य आहे. उत्तर शक्यतो चोवीस तासांत द्या. ताटकळत ठेवलेला नकार जास्त बोचतो, कारण यजमानाने तोवर तुम्हाला धरून बेत आखलेला असतो. आणि नकाराची भीती बहुधा वाजवीपेक्षा मोठी असते. ज्युलियन गिव्ही आणि कॉलीन कर्क यांच्या २०२३ मधल्या अभ्यासात हेच दिसलं की नकार देणारा जितकं गृहीत धरतो, तितकं बोलावणाऱ्याला वाईट वाटत नाही.

हो म्हणून नंतर रद्द करायचं असेल तर नियम जरा कडक. कळल्या क्षणी सांगा. चोवीस तासांपेक्षा कमी उरले असतील तर मेसेजवर भागवू नका, फोन करा. तुमच्या नावाने पैसे भरले गेले असतील तर आपला वाटा मागण्याआधी द्या.

आमंत्रणापलीकडच्या मर्यादा

मर्यादा सांगण्यात एक नेहमीचा गोंधळ होतो. ‘तू रात्री फोन करायचा नाहीस’ हा दुसऱ्यावर घातलेला नियम झाला. ‘रात्री १० नंतर मी फोन उचलत नाही, तातडीचं असेल तर मेसेजमध्ये “तातडी” लिही’ ही मर्यादा, कारण ती पाळणं तुमच्या हातात आहे. वाक्यात नेमकी कृती हवी आणि तुम्ही काय करणार ते हवं. ‘मला जरा स्पेस हवी’ यातून कुणालाच काही कळत नाही.

मित्रांमध्ये न विचारता गृहीत धरल्या जाणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: न कळवता घरी टपकणं, फोटो टाकून टॅग करणं, फोन नंबर तिसऱ्याला देणं, लोकेशन विचारत राहणं, उसनं मागणं, एकाने सांगितलेलं दुसऱ्याला सांगणं. प्रत्येकाला एकेक प्रश्न पुरतो. ‘हा फोटो टाकू का?’, ‘तुझा नंबर त्याला दिला तर चालेल?’, ‘हे फक्त माझ्यापुरतं की तिला सांगितलं तरी चालेल?’ उत्तर येईपर्यंत उत्तर ‘नाही’ समजायचं.

स्पर्शाचं आणि अंतराचं थोडं वेगळं आहे, कारण तिथे बोलण्याआधीच शरीर उत्तर देतं. एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये मित्र आणि घरच्या माणसांमधलं सोयीचं अंतर साधारण ४५ सेंटिमीटर ते १.२ मीटर मांडलं. ती मापं अमेरिकेतल्या लोकांवरून काढलेली होती आणि समाजागणिक ती बदलतात, म्हणून आकडा पाठ करण्यात अर्थ नाही. पाय बघा. तुम्ही पुढे झालात आणि समोरचा अर्धं पाऊल मागे गेला, तर तिथेच थांबा. पुन्हा पुढे सरकू नका. मिठी मारायची सवय असेल तर हात उघडून जागेवर उभं राहा, उरलेलं अंतर समोरच्याला तोडू द्या.

कुणी मर्यादा ओलांडली तर पहिल्यांदा तिथल्या तिथे, साध्या आवाजात सांगा. महिनाभर साठवून एकदम बाहेर काढलं की समोरच्याला आठवतो फक्त तुमचा राग. दुसऱ्यांदा झालं तर आठवण द्या आणि पुढे काय करणार तेही सांगा: ‘न विचारता पुन्हा टॅग केलंस तर मी टॅगिंग बंद करेन.’ तिसऱ्यांदा झालं तर बोलू नका, ते करा. ताकीद देऊन ती अमलात न आणणं हे ताकीदच न देण्यापेक्षा वाईट, कारण ती पोकळ असते हे आता दोघांनाही ठाऊक होतं.

आणि ओलांडणारे तुम्हीच निघालात तर: ‘चुकलं. फोटो काढून टाकलाय. यापुढे विचारूनच टाकेन.’ इथे थांबा. ‘माझा हेतू तसा नव्हता’, ‘मी किती वाईट आहे’ याने समोरच्यावर तुमची समजूत काढायचं काम पडतं.

भेटीच्या दिवशी

आमंत्रण नीट दिलं तरी यजमान आयत्या वेळी सगळं घालवू शकतो. काही घ्यायला विचारलं आणि ‘नको’ आलं तर पुन्हा विचारू नका. भांडं टेबलावर ठेवा आणि ‘हवं तेव्हा घे’ म्हणा. दारू नको म्हणणाऱ्याला कारण विचारणं सगळ्यांत वाईट, कारण उत्तर औषध, गरोदरपण, व्यसनातून बाहेर येणं यांपैकी काहीही असू शकतं आणि ते चारचौघांत द्यायचं नसतं. खेळात, नाचात, फोटोत न येणाऱ्याला हाताला धरून ओढू नका.

पाहुणा ‘निघतो’ म्हणाला की उठून उभे राहा. ‘इतक्यात?’ म्हणून बसवून घेणं त्याला दुसऱ्यांदा नकार द्यायला लावणं आहे, आणि ज्याला शेवटची गाडी गाठायची आहे त्याला ते परवडत नाही. त्याची पिशवी, छत्री, फोनचा चार्जर हातात द्या, आणि दारात उभं राहून नवा विषय काढू नका.